पाषाण तलावाचा दगड तलाव

गेल्या आठवड्यात एका वेबसाइटकडून प्रूफ बघायला एक लेख आला, पुण्याच्या आसपास पक्षी बघायला कुठे जावं असा विषय. तिसऱ्याच ओळीत 'दगड तलाव'. मी दोनदा वाचलं, म्हटलं हा कुठला नवीन तलाव, आणि मग पुढे बाणेर आणि सूस रोड आलं तेव्हा लक्षात आलं की अहो हा तर आपला पाषाण तलाव! खाली कवडीपाटला कसं जायचं ते सांगताना लोणी काळभोरचं 'नवनीत काळभोर' झालेलं. म्हणजे जुना लेख कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये टाकला, शब्दाला शब्द बदलून घेतला आणि न वाचताच पुढे ढकलला.

मला राग आला, खरंच आला. कवडीपाटला पहाटे पाचला निघालेला माणूस नवनीत काळभोर कुणाला विचारणार?

समानार्थी शब्द वापरायला माझी काहीच हरकत नाही, रोजचं कामच आहे ते. एका परिच्छेदात चारदा 'सुंदर' आलं की मी पण दोन बदलते. पण आपल्या देवनागरीत इंग्रजीसारखं नावाचं पहिलं अक्षर मोठं काढत नाहीत. पाषाण हे गाव आहे की दगड, लोणी गावाचं की भांड्यातलं, आकाश डोक्यावरचं की शेजारच्या काकूंचा, हे अक्षरावरून कळतच नाही, वाक्य वाचावं लागतं.

आणि वाक्यात खूण असते बरं का, आपण बोलताना ती पाळतो पण लक्षात येत नाही. 'आकाशला बोलाव' म्हटलं की मुलगा, 'आकाशाला भिडलेली इमारत' म्हटलं की आभाळ. सागरने डबा खाल्ला, सागराने किनारा खाल्ला. साध्या नामाचं सामान्यरूप होतं, आजकालच्या माणसांच्या नावांचं बहुतेक वेळा होत नाही, चार वर्षांचं पोरगं पण हे चुकत नाही. अर्थात हा नियम डोळे मिटून लावता येत नाही, कारण रामाने, गणेशाने असं आपण म्हणतोच आणि गावांची तर तऱ्हाच वेगळी, पुण्यात, ठाण्याला, साताऱ्याहून. म्हणून मी पहिल्या वाचनात दुसरं काही करत नाही, फक्त नावं पिवळी करते. गावं, माणसं, नद्या, किल्ले, पेठा, गाड्या. पिवळ्याला हात लावायचा नाही, मग बाकीचं. त्यातही बघावं लागतं. पाषाण तलावातल्या तलावाचं तळं केलं तर चालेल, लोक म्हणतातही तसं, पण शनिवारवाड्यातला वाडा हलत नाही.

नाव कधीच बदलत नाही असंही नाही. डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली आणि लोकांनीच तिला दख्खनची राणी करून टाकलं. पण ते पिढ्यान् पिढ्या त्या गाडीने ये-जा करणाऱ्यांनी प्रेमाने केलं, ती दोन्ही नावं तिचीच.

त्या लेखात आणखी एक होतं, 'मोठं वृक्ष पडलेलं होतं'. झाडाचा वृक्ष केला पण झाड ते आणि वृक्ष तो, मग मोठा, पडलेला, होता हे सगळं बदलायला नको का? मराठीत एक शब्द हलवला की अख्खी ओळ हलते.

यावरून मला नेहमी राज्यव्यवहारकोश आठवतो. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द करवून घेतले, तो कोश. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी हुद्दे पण बदलले, मुजुमदारांचे अमात्य झाले, सुरनीसांचे सचिव, वाकनीसांचे मंत्री, डबीरांचे सुमंत, सरनौबतांचे सेनापती. केवढं विचारपूर्वक काम, एकेका शब्दाला तोलून पर्याय दिलेला. आणि तरी आज साडेतीनशे वर्षांनी तुमच्या सोसायटीच्या पाट्या वाचा, मुजुमदार आहेत, डबीर आहेत, वाकनीस आहेत, सुरनीस आहेत. हुद्दा म्हणून शब्द बदलला, आडनाव म्हणून तो घराघरांत तसाच राहिला. कुणी मुजुमदारांच्या दारावर अमात्य अशी पाटी लावायला गेलं नाही.

हे सगळं मला एवढं का लागतं त्याला कारण माझी आई आहे. माहेरची ती सुमन. लग्न होऊन आली तर घरात थोरल्या जाऊबाई आधीच सुमन, मग ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवीन नाव लिहिलं, कुसुम. आजी म्हणाली होती म्हणे, अगं अर्थ तोच की, फूलच. आईने कधी वाद घातला नाही. पण पहिले कित्येक महिने कुसुम अशी हाक आली की तिला कळायचंच नाही, आणि मग सगळ्यांना वाटायचं नवी सून ऐकून न ऐकल्यासारखं करते. शाळेचा दाखला सुमन, आडनाव माहेरचं. रेशन कार्ड, बँक, सगळं कुसुम. मागच्या वर्षी एका कामासाठी दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही दोघी रांगेत उभ्या होतो, तिथल्या माणसाने विचारलं, आजी, नाव बोला. ती गप्प. मग माझ्याकडे बघून म्हणाली, कुठलं सांगू गं?

मामा दर रविवारी फोन करतो. तो ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने बोलतो, स्पीकर लावायची गरजच पडत नाही. स्वयंपाकघरात भाजी निवडत असले तरी मला ऐकू येतं, 'सुमे, जेवलीस का?' आणि आई पहिल्या हाकेला ओ देते.