पंचवीस हजारांत गुरगुरणारा बास

कॉलेजातला कोणीतरी मुलगा अधूनमधून मेसेज करतो, "दादा, २५ हजारांत एकदम राक्षसी आवाजाचा बास (म्हणजे बास गिटार) कुठला घेऊ?" आणि खाली टूल नाहीतर मोटरहेड बँडच्या गाण्याची लिंक असते. दरवेळी तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो. मला या आवाजाचं वेड आहे त्यामुळे लांबण लागेल, निवांत वाचा.

आधी ज्या आवाजांमुळे आपण या नादाला लागतो ते बघू. मोटरहेडचा लेमी आणि यस बँडचा ख्रिस स्क्वायर, दोघंही रिकनबॅकर कंपनीचा बास वाजवणारे. टूलचा जस्टिन चान्सलर वॉल कंपनीचा बास वाजवतो, तो इंग्लंडात हाताने बनतो. शिवाय वॉरविक आहे, स्पेक्टर आहे, म्युझिक मॅनचा स्टिंगरे आहे जो लिओ फेंडरच्या कंपनीने १९७६ मध्ये काढला. नवा रिकनबॅकर तिकडे अमेरिकेतच दोन हजार डॉलरच्या वर जातो, इथे आणायचा तर ड्युटी वगैरे धरून विषयच संपला. बरेच जण इथेच हिरमुसतात आणि समोर येईल तो बास उचलतात, आणि मग वर्षभर तो गुबगुबीत ढबढब आवाज ऐकत बसतात, ते मला अजिबात बघवत नाही. कारण ती गुरगुर लाकडात किंवा नावात जेवढी आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त तारेत, फ्रेटमध्ये (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), पिकअपच्या (तारेचं कंपन पकडणारा चुंबकी भाग) जागेत आणि उजव्या हातात आहे. आणि या सगळ्या गोष्टी स्वस्त बासमध्येही तुमच्या ताब्यात असतात.

बासची सगळ्यात जाड तार, खालचा ई, साधारण ४१ हर्ट्झला वाजतो. तुमच्या फोनचा स्पीकर ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही, तरी फोनवर लेमीचा बास ऐकू येतोच की! कारण आपल्याला तिथे ऐकू येतात ते ८२, १२३, १६४ आणि त्याच्या वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, आणि मूळ सूर आपला मेंदू स्वतःच भरून घेतो. गुरगुर म्हणजे हेच वरचे हार्मोनिक, मोठ्या प्रमाणात आणि थोडे खरखरीत. अंदाजे अडीचशेपासून हजार-दीड हजार हर्ट्झपर्यंतचा सगळा मामला आहे. म्हणजे जोरकस बास हवा म्हणून जो माणूस अँपवर बासचा नॉब फुल करतो तो नेमका उलट्या दिशेला चाललेला असतो.

आता ही खरखर येते कुठून? तानपुरा लावताना कधी जवळून बघितलाय का? मिरजेत तानपुरे बनवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामावर जगली ते काम म्हणजे जवारी काढणं, घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला अगदी पुसटशी चाटत राहील, मग खाली सुताचा धागा सरकवून ती नेमकी जागा पकडायची, आणि जागा सापडली की एका तारेतून सूरांचा झोत बाहेर येतो. बासमध्ये घोडीचं हे काम फ्रेट करतात. तार जोरात ओढली की ती फ्रेटवर आपटते, घासते, आणि त्या आपटण्यातून वरचे हार्मोनिक सुटतात. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस बघा, तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे ज्या तारा लोक मऊ जुन्या आवाजासाठी लावतात त्या, पिक (तार छेडायची चकती) नाही, फेंडरचा साधा प्रिसिजन बास, तरी आवाज घोडा दौडल्यासारखा खणखणतो, कारण बोटं तारांना फ्रेटवर अक्षरशः फेकतात. त्यामुळे बास घेताना 'जरा पण बझ (तार फ्रेटला घासल्याची खरखर) नको' असं दुकानदाराला सांगू नका. ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची, खाली हवी आणि जोरात वाजवल्यावर थोडा बझ यायलाच हवा. हळू वाजवलं की साफ, ओढलं की गुरगुर, अशी ती मधली जागा असते.

तारांवर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. पहिला जास्तीचा पैसा तारांवर टाका. १९६० च्या दशकात द हू बँडच्या जॉन एंटविसलला पियानोसारखा खणखणीत बास हवा होता, आणि रोटोसाउंड कंपनीने त्याच्यासोबत काम करून ज्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खडबडीत) स्टीलच्या तारा काढल्या त्या स्विंग बास ६६ म्हणून आजही मिळतात. ४५-१०५ जाडीचा सेट घ्या. बासवादक जॅको पास्टोरियसचा तो ऐकल्याबरोबर ओळखू येणारा आवाजही याच जातीच्या तारांचा, त्यात त्याच्या १९६२ च्या फेंडर जॅझ बासचे फ्रेट काढून टाकलेले आणि फळीवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलेलं, पिकअप ब्रिजकडचा (ब्रिज म्हणजे बासची घोडी). डिस्टॉर्शन नावालाही नाही आणि तरी गुरगुर! डॅडारिओचे प्रोस्टीलही चांगले. नवीन स्वस्त बासवर कंपनीतून ज्या तारा येतात त्या बऱ्याचदा दुकानात महिनोन्‌महिने लटकून मेलेल्या असतात, त्यावरून बास चांगला की वाईट ठरवू नका. स्टीलच्या तारा बोटांना खरखरीत लागतात आणि फ्रेट थोडे लवकर झिजवतात हे खरंय, मला चालतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि हाताच्या घामात त्या लवकर मरतात, म्हणून वाजवून झालं की सुक्या कपड्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसायची. पैसे नसतील तेव्हा जुन्या तारा काढून पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून परत लावा, आत अडकलेली घाण निघते आणि थोडे दिवस जीव येतो.

आता बास कुठला. माझं मत ठाम आहे, या बजेटमध्ये पीजे घ्या. म्हणजे मध्ये प्रिसिजनचा स्प्लिट कॉइल पिकअप, जो फेंडरने १९५७ मध्ये आणला, आणि ब्रिजजवळ जॅझ बासचा सिंगल कॉइल. ब्रिजजवळ तार कमी हलते त्यामुळे तिथल्या पिकअपला मूळ सूर कमी आणि हार्मोनिक त्या मानाने जास्त मिळतात, तीच आपली गुरगुर, आणि मधला पी पिकअप अंग देतो. यामाहा टीआरबीएक्स१७४, कोर्टचा ॲक्शन पीजे, आयबानेझ जीएसआर२००, हे सगळे याच घरातले. स्क्वायर या फेंडरच्या स्वस्त ब्रँडचा ॲफिनिटी पीजे बजेटच्या थोडा वर जाऊ शकतो, ऑफर बघत राहा. मला यातला यामाहा सगळ्यात जास्त आवडतो कारण तो साधा पॅसिव्ह आहे, दोन व्हॉल्यूम एक टोन, बॅटरीची भानगड नाही आणि नेक बहुतेक वेळा सरळ मिळतो. जीएसआर२०० ला बास वाढवणारा एक ॲक्टिव्ह नॉब असतो, दुकानात छोट्या अँपवर तो फिरवला की छाती दणदणते आणि मुलं तिथेच फिदा होतात. घ्यायचा असेल तर जरूर घ्या, नेक बारीक आहे, हाताला फार सोपा, पण तो नॉब शून्यावर ठेवून ऐका. बजेट अजून ताणता येत असेल तर स्टर्लिंगचा रे४ बघा, ब्रिजजवळ मोठा हमबकर (दुहेरी कॉइलचा पिकअप), सरळ स्टिंगरेच्या घराण्यातला. सात-आठ हजारांचे बिननावाचे बास मात्र नको. आवाजाचं जाऊ द्या, त्यांच्या ट्यूनिंगच्या खुंट्या टिकत नाहीत आणि फ्रेट उंचसखल असतात, म्हणजे ॲक्शन खाली आणताच येत नाही, आणि ॲक्शन खाली आली नाही की वर लिहिलेलं सगळं फुकट.

दुकानात गेलात, म्हणजे मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये वगैरे, तर अँपचे सगळे नॉब मध्यावर, बासवरचा टोन पूर्ण उघडा, आणि आधी फक्त ब्रिज पिकअप. ई तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास वाजवा, तिथे खोल आणि खरखर दोन्ही एकत्र येतात. मग पी पिकअप हळूहळू आणा. दोन्ही फुल केले की मधल्या काही फ्रिक्वेन्सी एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ होतो, तेव्हा पी थोडासा मागे घेतला की मध्य परत येतो. ब्रिज पिकअप एकटा ठेवला की हम (विजेची घूंघूं) येईल, सिंगल कॉइल आहे, घाबरू नका, पण तारेला हात लावल्यावर हम कमी व्हायला हवा, झाला नाही तर अर्थिंगची वायर सुटलेली असू शकते. आणि प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून बघा, एकूण एक. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

सेकंडहँड बघत असाल तर पुण्यात जून-जुलै सोन्यासारखे महिने आहेत, एमएसला निघालेली मुलं तेव्हाच गिअर काढतात आणि त्यांना घाई असते. पंचवीस हजारांत तेव्हा एक पायरी वरचा बास मिळू शकतो. नेक डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून पिळलाय का ते बघा, ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणारा आतला लोखंडी दांडा) नट गोल झालेला नाही ना ते अ‍ॅलन की लावून बघा, पिळलेला नेक आणि मेलेला ट्रस रॉड या दोन गोष्टी असतील तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. नॉब फिरवताना चरचर आली तर काळजी नको, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते, उलट त्या नावाखाली किंमत कमी करून घ्या.

बास घरी आला की सेटअप. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर ई तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा, पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव पाव आटा फिरवून परत बघायचं, एकदम जोर लावायचा नाही. मग ब्रिजवरचे स्क्रू फिरवून बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास आणा. मग ब्रिज पिकअप वर चढवा, कंपनीतून तो बऱ्याचदा खूप खाली असतो, फक्त इतका वर नको की चुंबक तारेला ओढेल आणि सूर डगमगेल. हे स्वतः करायची भीती वाटत असेल तर चांगल्या लुथियरकडून (गिटार बनवणारा-दुरुस्त करणारा) करून घ्या, पण त्याला स्पष्ट सांगा की थोडा बझ हवाय. पावसाळ्यात लाकूड ओल पितं आणि नेक हलतो, तेव्हा परत एकदा मापं बघायची.

हाताचं सांगतो थोडक्यात. उजवा हात ब्रिजकडे सरकवा, पिक वापरणार असाल तर एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड, आणि तारेला वरवर कुरवाळू नका. एकाच बासवर एका माणसाची गुरगुर येते आणि दुसऱ्याची नाही, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता बास बदलायच्या आधी हात बदलून बघा असंच सांगतो.

एवढं झाल्यावर पेडल, म्हणजे पायाने दाबायचा इफेक्टचा डबा. लेमी बास मार्शलच्या अँपमधून वाजवायचा आणि मिड वर, बास-ट्रेबल जवळजवळ बंद ठेवायचा असं सगळीकडे सांगतात, ऐकल्यावर पटतंही. पण गिटारचं साधं डिस्टॉर्शन बासला लावलं की खालचा भाग उडून जातो आणि बँडमध्ये बास गायब होतो, म्हणून ब्लेंड नॉब असलेलंच घ्या, म्हणजे साफ आवाज खाली तसाच राहतो आणि वर खरखर मिसळते. फिनलंडच्या डार्कग्लासचे पेडल या कामात राजे आहेत आणि किंमतही राजेशाही आहे. स्वस्तात बेहरिंगर बीडीआय२१, टेक २१ च्या सॅन्सअँपच्या धर्तीवरचा, डबा प्लॅस्टिकचा आहे तेव्हा पाय जपून, पण आवाज खरोखर उत्तम, आणि डीआय असल्यामुळे कॉलेजच्या गॅदरिंगला अँप नसेल तर सरळ मिक्सरला. ड्राइव्ह निम्म्याच्या खालीच ठेवा, ब्लेंड अर्धा. सोसायटीत शेजाऱ्यांचा प्रश्न असेल तर ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि न्यूरल अँप मॉडेलर हे अँपचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे.

आणि शेवटी, खोलीत एकट्याने वाजवताना जो आवाज जाडजूड, गोड वाटतो तो दोन गिटार आणि ड्रमसोबत हरवतो, आणि जो एकट्याने ऐकताना जरा कर्कश, नाकात बोलल्यासारखा वाटतो तोच बँडमध्ये गिटारच्या खालून दात दाखवत बाहेर येतो. म्हणून सेटिंग कायम रिहर्सलमध्ये, सगळे वाजत असताना करायची. मिड कापायचे नाहीत, आवाज पुरत नसेल तर बास नॉब वर न्यायच्या आधी ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवून बघा. आणि गिटारवाल्याला प्रेमाने सांगा की त्याच्या अँपवरचा बास नॉब खाली घे, १०० हर्ट्झच्या खाली त्याचं काही काम नाहीये.