प्लेट नागपुरात, फाईल तालुक्यात

पत्रक आपल्या तालुक्यातल्या डीटीपीवाल्याकडे जुळतं, छपाईची प्लेट निघते नागपूर-अमरावतीत. तिथला ऑपरेटर मजकूर वाचत बसत नाही. फाईल जशी आली तशी चढवतो.

सगळ्यात जास्त घोळ अक्षरांचा. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की कृषी केंद्राच्या जाहिरातीत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडचा त्रास वेगळा: ‘ऱ’ला हलंत देऊन ‘य’ जोडला तरच ‘शेतकऱ्यांना’ नीट उमटतं, साधा ‘र’ घेतला की रफार चढून ‘शेतकर्यांना’ होतं. आधी प्रूफ वाचायचं, मग मूळ फाईल वेगळी ठेवून कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं निवडून कंट्रोल-क्यू, म्हणजे कर्व्ह: अक्षरांचे नुसते आकार होतात. त्यानंतर चूक दुरुस्त होत नाही, म्हणून हा क्रम उलटा करू नका.

काळी अक्षरं फक्त के 100, म्हणजे निव्वळ काळी शाई 100 टक्के. आरजीबीतला, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला काळा सीएमवायके करताना छपाईच्या चार शाईंत (सी निळसर, एम किरमिजी, वाय पिवळी, के काळी) वाटला जातो. कागद जरासा सरकला की 8 पॉइंटच्या अक्षरांना रंगीत सावली येते. मोठा काळा पट्टा मात्र नुसत्या के 100 मध्ये करडा वाटतो. त्याला सी 40, एम 30, वाय 30 जोडा.

ए5 पत्रक 148 × 210 मिमीचं असलं तरी रंग 154 × 216 पर्यंत न्या, म्हणजे चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड, कापून जाणारा जादा रंग. कटिंग थोडं हललं तरी पांढरी रेघ दिसत नाही. मोबाईल नंबर कडेपासून 5 मिमी आत.

फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा. 1200 पिक्सेल रुंदीचा फोटो 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 4 इंच छापतो; नुसता आकडा वाढवून बारकावे येत नाहीत. 10 फुटी फ्लेक्सला 72 डीपीआय पुरतं.

लग्नपत्रिकेतल्या सोनेरी फॉइलचा भाग वेगळ्या पानावर, भरीव के 100 मध्ये. फॉइलचा ठसा एक तर उमटतो, नाहीतर नाही. फिकट होत जाणारा रंग त्याला कळत नाही.

शेवटी पीडीएफ/एक्स-1ए, म्हणजे छपाईसाठीची पीडीएफ काढा आणि ॲक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये काळी प्लेट बंद करून पाहा. पांढऱ्या कागदावरची काळी अक्षरं तरीही दिसत राहिली, तर त्यांत दुसरी शाई मिसळलेली आहे; फाईल पाठवू नका.