पाव मिलिमीटरची फट

मी कवळ्या करते. दातांच्या लॅबमध्ये गेली १९ वर्षं ॲक्रिलिकशी, म्हणजे कवळीच्या प्लॅस्टिकशी, माझा संसार चाललाय. त्यामुळे घरी माशांसाठी मोठी टाकी करायचं ठरलं तेव्हा वाटलं, माल तर ओळखीचाच, फक्त गुलाबी नाही एवढंच. दादाला सांगितलं, तर म्हणाला, "आजवर माणसांचे दात केलेस, आता हत्तीचे करणार का?"

टाकीला कारण झाले माझे सहा क्लाउन लोच. आणले तेव्हा बोटाएवढे होते. हा मासा फूटभर वाढतो, वीस वर्षांहून जास्त जगतो आणि एकटा ठेवला तर खंगतो. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, तरी आणले. असो.

आतली मापं ठरली १८० बाय ६० बाय ६० सेंटिमीटर. म्हणजे काठोकाठ ६४८ लिटर आणि नुसत्या पाण्याचंच ६४८ किलो वजन. काच की ॲक्रिलिक यावर मी फार घोळ घातला नाही. ॲक्रिलिकची घनता १.१९, काचेची २.५. समोरची २० मिलिमीटरची फळी ॲक्रिलिकची केली तर २६ किलो, काचेची केली तर ५५. मी आणि दादा दोघंच उचलणार, तेव्हा प्रश्न मिटला. ओरखडे पडतात हे खरं, पण ओरखडे पॉलिश करणं हेच तर माझं पोट.

जाडीचा हिशेब मात्र तीन संध्याकाळी खाऊन गेला. पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो. टाकी लांबीला दुप्पट केली तरी तळाशी दाब तेवढाच, उंच केली की लगेच वाढला. ६० सेंटिमीटर पाणी तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर ६० ग्रॅम भरतं. ऐकायला काहीच नाही. पण सरासरी ३० ग्रॅम धरून समोरच्या अख्ख्या फळीवर मांडलं तर ३२४ किलो होतात. म्हणजे पाच धट्टीकट्टी माणसं आतून खांदा लावून रात्रंदिवस ढकलतायत. म्हणून २० मिलिमीटर. आणि वरून एकाच शीटमधून कापलेली चौकट, मधे आडवी पट्टी ठेवून दोन खिडक्या. खिडक्यांचे कोपरे गोल, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

शीट आल्यावर जाडी मोजायला लॅबमधला व्हर्नियर लावला. २० म्हणून घेतलेलं शीट एका टोकाला १८.७, दुसऱ्या टोकाला २०.३! साच्यात ओतून केलेल्या ॲक्रिलिकची जाडी अशीच कमीजास्त असते. दाबून काढलेलं शीट एकसारखं येतं, पण सॉल्व्हंट, म्हणजे जोडण्यासाठी प्लॅस्टिक विरघळवणारं द्रव, लागला की त्याला बारीक चिरा पडायची भीती जास्त, म्हणून ते मी घेतलं नव्हतं. पण माझे सगळे कागद २० धरून आखलेले आणि वरची चौकट कापूनही झालेली. ती जागोजागी दीड-दोन मिलिमीटर बाहेर येणार होती. दादा म्हणाला, "येऊ दे, मागून राउटरने कडेबरोबर तासू." राउटर म्हणजे फिरत्या पात्याने कड तासायचं सुतारी यंत्र. नंतर कळलं, जाणती मंडळी मुद्दामच जास्तीची ठेवतात. माझी चूक शहाणपणात जमा झाली.

आता कडा. टाकी गळणार की टिकणार हे चिकटवताना ठरत नाही, कडा तासताना ठरतं. करवतीने कापलेल्या कडेवर लाटा असतात. सरळ पट्टी शिकंज्यात धरून कार्बाइड बिटने प्रत्येक कडेवरून एकेक मिलिमीटर काढायचा. राउटर हळू चालवला की प्लॅस्टिक वितळून बिटला चिकटतं, घाईने ओढला की कड उचकटते. नीट चाललं की बर्फासारखा कीस उडतो. कड शेवटी दुधी दिसली पाहिजे, पण नखाला काही लागता कामा नये. दादाला ती दुधी कड पाहवेना. ब्लो-टॉर्चने चकचकीत करू म्हणाला. मी अक्षरशः हात धरला. ज्योतीने कड गोलसर होते आणि आत ताण राहतो, वर सॉल्व्हंट पडला की जाळीदार चिरा. तापवून घासलेल्या कवळीवर मोनोमर (ॲक्रिलिक कालवायचं द्रव) सांडला की काय होतं ते मी उमेदवारीत पाहिलंय, आणि बोलणीही खाल्लीत.

चिकटवणं हा शब्दच इथे चुकीचा आहे, गोंद नसतोच. डायक्लोरोमिथेन असलेला पाण्यासारखा पातळ सॉल्व्हंट दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि सॉल्व्हंट उडून जातो. समोरची फळी आडवी ठेवून तिच्यावर बाजूच्या फळ्या आणि तळ उभे केले, गुण्या लावला. खालच्या फटीत दर दहा सेंटिमीटरवर तार. ही तार माझ्याच टेबलावरची, दात बांधायची, पाव मिलिमीटरची. सुईच्या बाटलीने सॉल्व्हंट सोडला की फट तो आपणहून ओढून घेते. मग ४५ सेकंद थांबायचं आणि तारा उपसायच्या, फळी स्वतःच्या वजनाने बसते.

ते ४५ सेकंद आम्ही दोघं मोठ्याने मोजत होतो. खिडक्या उघड्या, पंखा बाहेर तोंड करून, तोंडावर वाफेचा फिल्टर असलेला मास्क. लॅबचे पातळ हातमोजे या रसायनापुढे चालत नाहीत, ते पार होऊन जातं. मास्कमधून आकडे मोजले की दोन माणसं विहिरीत भांडतायत असं वाटतं. बत्तीसला दादाने एक तार आधीच ओढली. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा कायमचा राहिला, डाव्या खालच्या कोपऱ्यापासून २२ सेंटिमीटरवर. जोड मात्र पक्का आहे. बारीक बुडबुडे चालतात, पण एका ओळीत आतून बाहेरपर्यंत गेलेले चालत नाहीत.

तीन आठवडे टाकी नुसती कोरडी ठेवली. मग खाली फोम, फोमखाली दोन थर प्लाय, पाणसळ लावून पाणी भरलं, एका दिवसात एक चतुर्थांश. समोरून आडवी दोरी ताणून फुगवटा मोजला, ३ मिलिमीटर. महिन्याने ४ झाला, तेव्हा मी दोन रात्री नीट झोपले नाही. ॲक्रिलिक भाराखाली सावकाश सैलावतं, शिवाय आतल्या अंगाने थोडं पाणीही पितं. कवळी रात्री पाण्यात ठेवा, नाहीतर सुकून आकार बदलेल, हे मी रोज लोकांना सांगते, पण स्वतःच्या टाकीपुढे आठवलं नाही.

स्टँडच्या उजव्या पायावर पेन्सिलने आकडे लिहून ठेवलेत. ३, ३.५, ४, ४, ४. दादा आला की आधी तिथे वाकून बघतो, मासे नंतर.