आमची वाटचाल: रिवाइंडिंगच्या टेबलापासून स्पर्धेच्या व्यासपीठापर्यंत

मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे विजेच्या जळालेल्या मोटारींत तांब्याच्या तारेची वाइंडिंग (गुंडाळी) नव्याने भरण्याच्या धंद्यात आम्हाला बरीच वर्षं झाली. सुरुवातीची आणि मधली चांगली वर्षं मी दोन ओळींत उरकतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. मी आणि दादा एकाच वर्कशॉपमध्ये शिकलो. दादा माझ्यापेक्षा मोठा, त्याचा हात माझ्यापेक्षा बारीक. दोघांनी मिळून हाताने फिरवायचं कॉइल मशीन, तारेची जाडी मोजायला एक मायक्रोमीटर आणि इन्सुलेशन तपासायला 500 व्होल्टचा मेगर घेतला आणि शटर उघडलं. काम मिळत गेलं.

दादाने पहिल्या दिवसापासून एक रजिस्टर ठेवलं. आलेल्या प्रत्येक मोटारीची जुनी वाइंडिंग तोडण्याआधी तो स्लॉट (कॉइली बसतात त्या खाचा), पिच (कॉइलच्या दोन बाजू कितव्या खाचेपासून कितव्या खाचेपर्यंत), टर्न (तारेचे वेढे), तारेचा गेज (जाडी) आणि जोडणी लिहून घ्यायचा. टर्न मोजण्यासाठी एक कॉइल पूर्ण सुटी करायची, दोनदा मोजायची. तार जळकी असेल तर एनॅमल, म्हणजे तारेवरचा लेप, खरवडून मगच मायक्रोमीटर लावायचा. नवीन मुलांना मी आजही सांगतो, गेज डोळ्याने ठरवू नका. अर्ध्या गेजची चूक त्या दिवशी कळत नाही, उन्हाळ्यात मोटार तापायला लागली की कळते. आणि जुनी वाइंडिंग काढायला गॅसची ज्योत थेट स्टेटरवर, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागावर, धरू नका. भट्टी वापरा आणि कोअरचं (पत्र्यांच्या गाभ्याचं) तापमान 370 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पत्र्यांमधलं इन्सुलेशन गेलं की ती मोटार कितीही नीट बांधा, करंट जास्तच ओढणार.

आता खरं सांगायचं ते. एका मोठ्या कारखान्याने त्यांच्या सगळ्या मोटारींचं काम आम्हाला दिलं. बिल 30 दिवसांत, असं ठरलं. आम्ही दोन कारागीर वाढवले, तांब्याची तार जास्त उचलायला लागलो. महिन्याला 60 मोटारी निघत होत्या, त्यातल्या 35 त्या कारखान्याच्या. आजूबाजूचे लोक म्हणायचे, यांचं बरं चाललंय. आणि आमच्याकडे पगाराला पैसे नसायचे. 30 दिवसांचे 60 झाले, मग 90, मग 120. तारवाल्याला मात्र रोख लागते, तांबं उधारीवर कोण किती दिवस देणार?

त्यातच त्यांची एक मोटार आम्ही बांधून दिल्यावर आठव्या दिवशी जळाली. फोन आला, तुमची वाइंडिंग खराब, उत्पादन थांबल्याचं नुकसान बिलातून कापतो. दादाने ती मोटार टेबलावर घेऊन कव्हर काढलं. आत चार ठिकाणी, सारख्या अंतराने, कॉइली कोळशासारख्या काळ्या. आणि त्यांच्या मधल्या सगळ्या कॉइली पिवळ्या, कोऱ्या, वार्निशची चकाकीसुद्धा तशीच. रिवाइंडिंगवाल्याला याहून स्पष्ट काही लागत नाही. चार पोलची, म्हणजे प्रत्येक फेजच्या कॉइलींचे चार गट असलेली, डेल्टा (त्रिकोणी) जोडणीची मोटार, सप्लायच्या तीनपैकी एक फेज गेला, मोटार दोन फेजवर चालत राहिली आणि आतल्या एका फेजच्या कॉइली जळाल्या. फ्यूज तरी गेला होता किंवा कॉन्टॅक्टरचा (मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) पॉइंट, आणि जास्त करंटला मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले सेटिंगच्या बाहेर होता. वाइंडिंग कच्ची असती तर एका ठिकाणी शॉर्ट झाली असती, मोजून मापून चार ठिकाणी जळाली नसती. मी ती उघडी मोटार टेम्पोत टाकून त्यांच्या गेटवर नेली. कोणी बघायला खाली आलं नाही. पैसे कापले गेले ते गेलेच.

त्यांचं काम नंतर दुसऱ्या एका रिवाइंडिंगवाल्याने आमच्यापेक्षा कमी दरात मिळवायचा प्रयत्न सुरू केला. त्याच्या टेबलावरून निघालेल्या मोटारी पुढे आमच्याकडे आल्या आहेत, म्हणून सांगतो. मूळ गेजपेक्षा बारीक तार, स्लॉटमध्ये इन्सुलेशनचा पेपर एकेरी, कॉइली दाबून धरणारी बांबूची पट्टी सैल. दर कमी कसा बसतो ते उघडल्यावर दिसतं.

तारवाल्याने माल बंद केला त्या आठवड्यात वखारवाले काका आले. त्यांच्या करवतीची 20 एचपीची मोटार आमच्याकडेच असते. त्यांना कोणी काय सांगितलं मला माहीत नाही. त्यांनी वर्षभरात जेवढं काम निघेल तेवढ्याचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पावती नको, रजिस्टरात लिही." दादाने लिहिलं. त्या पैशांतून तार आली. खिशातून त्यांनी दुसरा एक कागद काढला, तो लहान उद्योगांच्या विभागीय व्यवसाय आराखडा स्पर्धेचा अर्ज होता. बक्षिसाची रक्कम आमच्या थकलेल्या तारेच्या बिलाएवढी होती. म्हणून भाग घेतला, दुसरं काही कारण नव्हतं.

मागच्या तीन वर्षांचे हिशेब, पुढच्या तीन वर्षांचा अंदाज आणि पहिल्या वर्षाचा महिनावार रोख प्रवाह एवढं मागितलं होतं. पहिले दोन आमच्याकडे होतेच. रोख प्रवाहाच्या तक्त्यात नियम एकच, पैसा ज्या महिन्यात हातात येतो त्याच महिन्यात लिहायचा, बिल कधी फाडलं ते सोडून द्यायचं. मी आणि दादा शटर ओढून तीन रात्री बसलो. कारखान्याचे पैसे 120 दिवसांनी धरले तर पाचव्या महिन्यात आम्ही उणे. मग दादा म्हणाला, त्यांचं काम 35 वरून 50 वर नेलं तर? तोवर आमचा तोच बेत होता. लिहून काढलं, तर तिसऱ्याच महिन्यात उणे. काम वाढवलं की बुडणं लवकर येत होतं. खोडून पुन्हा केलं, आकडा तोच.

त्याच रात्री समतोल बिंदू काढला, म्हणजे महिन्याला किती मोटारी केल्या की नफा नाही आणि तोटाही नाही. भाडं, पगार, वीज, हप्ता असा महिन्याचा ठरलेला खर्च घ्यायचा आणि एका मोटारीच्या दरातून तार, पेपर, वार्निश, बेअरिंग वजा जाता जे उरतं त्याने भागायचं. आमचं उत्तर आलं 42 मोटारी. आणि वेळेवर पैसे देणाऱ्यांच्या आमच्याकडे फक्त 25 होत्या. इतकी वर्षं मायक्रोमीटरने तार मोजणाऱ्या आम्ही हे एकदाही मोजलं नव्हतं. जो कोणी वर्कशॉप चालवतो त्याने हा भागाकार आजच करावा, आणि मोटारींची संख्या वेळेवर पैसे देणाऱ्यांचीच धरावी.

आम्ही आराखडा तसाच लिहिला. कारखान्याचं काम 10 मोटारींवर आणायचं, तेही अर्धी रक्कम आधी घेऊन. पंपवाले, वखारी, छोटी वर्कशॉप यांचं काम वाढवायचं. प्रत्येक मोटारीला नंबरचा बिल्ला, म्हणजे पुढच्या वेळी ती आली की रजिस्टरमधून सगळी माहिती एका मिनिटात.

सादरीकरणाला 8 मिनिटं. काका शेवटच्या रांगेत बसले होते. मी रोख प्रवाहाचा तक्ता दाखवला तेव्हा परीक्षकांपैकी एकाने विचारलं, उलाढाल कमी करायचा आराखडा घेऊन कोणी स्पर्धेत येतं का? मी पाचव्या महिन्यावर बोट ठेवलं. त्यांनी पुढचं पान मागितलं. उधारी किती दिवसांची आहे, हे कोणीच विचारलं नाही.

पहिलं बक्षीस त्याच कमी दरवाल्याला मिळालं. कोणतीही मोटार 24 तासांत, असं त्याने पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. सभागृहात टाळ्या पडल्या. मोठ्या मोटारीची जुनी वाइंडिंग काढायची, स्लॉट साफ करायचे, पेपर, कॉइली, जोडणी, मग तापवून वार्निशमध्ये बुडवायची आणि ओव्हनमध्ये पूर्ण पिकवायची. एकट्या टेबलावर हे सगळं 24 तासांत, तेही प्रत्येक वेळी? वार्निश कधी वाळणार, एवढा एक प्रश्न परीक्षकांकडून यायला हवा होता. आला नाही. आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. ते मी भिंतीवर लावलेलं नाही. दादाने रोख प्रवाहाचा तक्ता लावलाय, मेगरच्या कपाटाशेजारी, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो पेन्सिलीने खरे आकडे भरतो.

कारखान्याला अर्ध्या आगाऊ रकमेची अट सांगितली, त्यांनी काम काढून घेतलं. मग ते आमच्या त्या पहिल्या बक्षीसवाल्याकडे गेलं. आमचं पहिलं वर्ष फार ओढाताणीचं गेलं, एक कारागीर कमी करावा लागला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तारवाल्याचं बिल दीड वर्षाने फिटलं. मुख्य म्हणजे, तेव्हापासून पगार एकदाही मागे राहिला नाही.

काकांची करवतीची मोटार मागच्या महिन्यात आवाज करते म्हणून आली. बिल्ला पाहून रजिस्टर काढलं: 48 स्लॉट, पिच 1 ते 11, डेल्टा, दादाचंच अक्षर. मेगर लावला, काटा 200 मेगओहमच्या पुढे. वाइंडिंगला हात लावायची गरज नव्हती. पुढचं बेअरिंग बदललं, संध्याकाळी काका स्वतः घ्यायला आले आणि नेहमीसारखे टेम्पोत मोटारीशेजारीच बसून गेले.