तुम्ही विचारलेत म्हणून: रोमच्या गाडीतून मधेच उतरण्याविषयी

"जहाज दिवसभर रोमला उभे होते आणि तुम्ही नानांना घेऊन समुद्रावर जाऊन बसलात?" हा प्रश्न मला 2023 च्या ऑगस्टपासून इतक्या जणांनी विचारला आहे की विचारणाऱ्याने 'क्रूझ' हा शब्द उच्चारताच पुढचे वाक्य मला ऐकू येऊ लागते. गुहागरच्या चुलतभावाने तर "समुद्रच दाखवायचा होता तर काकांना इटलीपर्यंत कशाला नेलंस, आमच्या पडवीतून दिसतो," असे म्हणून विषय संपवला. चारचौघांत मी हसून सांगते की रविवार होता आणि रविवारी व्हॅटिकनची संग्रहालये बंद असतात. ते खरे आहे. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर ती रविवारी उघडत नाहीत, आणि आमचा रविवार 13 तारखेचा होता. पण कोलोसियम रविवारी उघडे असते, फोरम म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौकही उघडा असतो, आणि नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलचे फारसे अप्रूप कधीच नव्हते. त्यामुळे हे उत्तर देताना दर वेळी मला किंचित लाज वाटते.

आधी हिशेब सांगते, कारण तो चुकीचा नव्हता. क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत ज्याला 'रोम' म्हटलेले असते ते बंदर म्हणजे चिवितावेक्किया, आणि तेथून रोम सुमारे 80 किलोमीटर दूर आहे. मुंबईच्या गोदीत जहाज लावून पाहुण्यांना "आज लोणावळा" म्हणण्यासारखा हा प्रकार. सकाळी सातला जहाज धक्क्याला लागले तरी उतरण्याची रांग, बंदराबाहेर सोडणारी बस आणि पुढे स्थानकापर्यंतची चाल धरता नऊच्या आधी गाडीत बसणे होत नाही. गाडीला रोमच्या मुख्य स्थानकापर्यंत तास-सव्वा तास लागतो. संध्याकाळी साडेसहापर्यंत सर्वांनी जहाजावर परतलेले असायला हवे, म्हणजे रोमहून साडेतीनच्या पुढची गाडी धरणे हा जुगारच. हाती उरतात जेमतेम पाच तास, तेही ऑगस्टच्या उन्हात आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बरोबर घेऊन. याउलट सांता मारिनेल्ला हे त्याच लोहमार्गावरचे पुढचे गाव दहा मिनिटांवर आहे, स्थानकातून पाच-सात मिनिटे चालले की पायाला वाळू लागते, आणि परतीची गाडी चुकलीच तर टॅक्सीने बंदर गाठता येते. जहाजाच्या मुक्कामात एक दिवस किनाऱ्यावर काढायचा असेल तर परतीचे दोन वेगवेगळे मार्ग असलेलीच जागा निवडावी, हे मी आजही कोणालाही सांगेन.

एवढे बोलून थांबता आले असते तर बरे झाले असते. पण प्रश्न विचारणाऱ्यांना नाना माहीत आहेत, आणि म्हणूनच ते विचारतात. नानांनी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतून रोमशी व्यापार कसा चाले, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती कशी सापडली, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना इतक्या रंगून सांगितले आहे की गावातले साठीचे लोकही त्यांना पाहिले की 'पोसायडन' म्हणतात. आमच्याकडे फ्रँकफर्टला तीन महिन्यांसाठी येताना त्यांनी लोणच्याच्या बरणीशेजारी एक दोनशे पानी वही आणली होती. तिच्यात फोरमचा हाताने काढलेला नकाशा होता, आणि ट्रेजन सम्राटाच्या स्तंभासाठी पुढची सहा पाने कोरी ठेवलेली होती, "समोर उभा राहून लिहीन" म्हणून.

आता लिव्होर्नो. त्याच्याविषयी कोणीच विचारत नाही, पण सगळे तिथेच ठरले.

चिवितावेक्कियाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, जहाज लिव्होर्नोला होते आणि आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, मुलगा आणि नाना, स्वतःचे स्वतः गाडीने फ्लोरेन्सला गेलो. जहाजाच्या सहलीचे दर पाहून आम्ही ती घेतली नव्हती. जहाज स्वतःच्या सहलीच्या बससाठी खोळंबते, स्वतःहून गेलेल्यांसाठी खोळंबत नाही, हे मला ठाऊक होते. तरी मी मिनिटामिनिटांचा तक्ता करून फोनमध्ये ठेवला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. त्या तक्त्यात एक गोष्ट नव्हती. त्या दिवशी अधिक श्रावणातली एकादशी होती, आणि नानांनी सकाळी जहाजावर दोन केळी खाऊन उपास धरला होता. मला ते दुपारी दीडला कळले, कारण तोवर मी त्यांच्याकडे नीट पाहिलेच नव्हते; मी घड्याळ पाहत होते.

परतीची गाडी वाटेतल्या एम्पोली गावाच्या अलीकडे थांबली. का थांबली हे इटालियनमधून दोनदा सांगितले गेले, दोन्हीदा डब्यातल्या लोकांनी हात उडवले, आणि गाडी सत्तर मिनिटे तिथेच उभी राहिली. डब्यातला गारवा बंद पडला होता. नाना खिडकीशी बसले होते. त्यांनी त्यांचे जुने एचएमटीचे घड्याळ येतानाच भारतीय वेळेवर ठेवले होते; वेळ पाहायची झाली की ते आधी मनगट डोळ्यांजवळ नेत, मग ओठ हलवत साडेतीन तास वजा करीत आणि मग मान डोलावीत. त्या सत्तर मिनिटांत त्यांनी हे किती वेळा केले ते मी मोजले नाही, पण शेवटी शेवटी ते वजाबाकी करायचे थांबले आणि नुसते काट्यांकडे पाहत राहिले. मी पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा त्यांनी ती घेतली, टोपण उघडले, पुन्हा लावले आणि मांडीवर ठेवली. पाणी प्यायले तर शौचालय शोधावे लागेल आणि आपल्यामुळे आणखी उशीर होईल, हा त्यामागचा विचार होता हे मला मागाहून माझ्या मुलाने सांगितले. त्याला ते तिथेच, त्या वेळीच कळले होते.

लिव्होर्नोच्या बंदरात टॅक्सीने आम्हाला फाटकाशी सोडले तेव्हा सहा वाजून सव्वीस मिनिटे झाली होती. जहाज समोर दिसत होते. एवढी मोठी वस्तू तीनशे मीटरवर असली तरी हात लावावा इतकी जवळ भासते. यजमान मुलाला घेऊन धावत सुटले. मी नानांच्या दंडाला धरून जवळजवळ ओढत होते. अर्ध्या वाटेत ते थांबले, माझा हात त्यांनी हळूच सोडवला आणि म्हणाले, "बायो, तू हो पुढे. मी येतो मागाहून."

मागाहून म्हणजे कशातून येणार होते ते? त्यांचा पासपोर्ट केबिनमधल्या कपाटात होता, खिशात वीस युरो होते आणि ज्याची भाषा येत नाही अशा देशातल्या बंदरावर ते उन्हात उभे होते. तरीही ते वाक्य त्यांनी अगदी साधेपणाने, बाजारातून येताना म्हणावे तसे म्हटले. मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिणार नाही. सहा चौतीसला आम्ही शिडीशी पोचलो. तिथल्या सुरक्षारक्षकाने आमची कार्डे तपासली, एक अवाक्षर न बोलता नानांना बसायला खुर्ची दिली, आणि त्या खुर्चीवर बसून नानांनी सकाळपासूनचे पहिले पाणी प्यायले.

त्या रात्री मी रोम रद्द केले. नानांना विचारले नाही, त्यांना सांगितले. उद्या रविवार आहे, व्हॅटिकन बंद असते, गर्दी फार, आपण जवळच्या किनाऱ्यावर निवांत जाऊ, रोमचे काय, फ्रँकफर्टहून दोन तासांचे विमान आहे, कधीही जाता येईल. नाना लगेच "हो हो, बरोबर" म्हणाले. इतक्या लगेच ते कधीच कशाला हो म्हणत नाहीत.

त्या रात्रीच्या स्वतःशी मी अजून भांडते. लिव्होर्नो ते चिवितावेक्किया हा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सरळ लोहमार्ग आहे, अडीच-तीन तासांचा. जहाज चुकलेच असते तरी रात्रीची गाडी धरून आम्ही सकाळी त्याच्या आधी बंदरात उभे राहिलो असतो. हे मला तेव्हा सुचले नाही, मागाहून नकाशा पाहताना दिसले. शिवाय रोमसाठी जहाजाचीच सहल घेता आली असती, चाकाची खुर्ची मागता आली असती, एकच ठिकाण निवडून ट्रेजनचा स्तंभ तेवढा पाहून परतता आले असते. त्या रात्रीची मी यावर म्हणते: तू नानांचा चेहरा पाहिलास ना धक्क्यावर? मग बोलू नकोस. दोघींपैकी कोणाचे खरे, हे मला ठरवता आलेले नाही.

बरे, ज्या किनाऱ्याच्या नियोजनाचे मी वर एवढे गुण गायले त्यातही मी पार फसले होते. 15 ऑगस्टला इटलीत फेरागोस्तोची सुट्टी असते, आणि तिच्या आधीचा रविवार म्हणजे किनाऱ्यांवरच्या गर्दीचा कळस. आम्ही रोमला गेलो नाही, पण अर्धे रोम गाडीत बसून आमच्याकडे आले होते. तिथे बराचसा किनारा छत्र्या आणि पहुडायच्या खुर्च्या भाड्याने देणाऱ्यांमध्ये वाटलेला असतो. तीन ठिकाणी गल्ल्यावरच्या पोरांनी मान हलवून "कंप्लेतो", म्हणजे सगळे भरले, असे म्हटले. मग फुकटच्या पट्ट्यात, दुकानातून विकत घेतलेल्या छत्रीखाली, दोन कुटुंबांच्या टॉवेलांमधल्या जागेत आम्ही बसलो. फेरागोस्तो हे नाव ऑगस्टस सम्राटाने लावून दिलेल्या सुट्टीवरून आले आहे, हे मला नानांनी तिथेच सांगितले. बिचाऱ्यांना रोमच्या इतिहासातले तेवढेच वापरायला मिळाले.

दुपारी नाना पाण्याच्या कडेला चपला काढून ठेवून त्यांच्याकडे पाहत बसले होते. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या हिशेबाने द्वादशीला नऊची भरती आणि तीनच्या सुमारास ओहोटी, म्हणजे एव्हाना चपला पाण्यापासून लांब राहायला हव्या होत्या. चपला होत्या तिथेच होत्या आणि पाणीही. "हे हलतच नाही गं," ते मला म्हणाले. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन-तीन मीटर चढते. तिथे वीतभर चढले-उतरले तरी पुष्कळ. पोरांना उभा जन्म "गुडघ्याच्या पुढे जायचे नाही" असे बजावणारा हा माणूस मग उठला, सदरा काढून घडी करून ठेवला आणि छातीपर्यंतच्या पाण्यात जाऊन उभा राहिला. हे पाणी आपल्यापेक्षा थोडे अधिक खारट असते आणि अंग सहज तरंगते. माझ्या मुलाने त्यांच्या पाठीखाली हात धरला, आणि नाना आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उताणे पडून आभाळाकडे पाहत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी "कोक्को, कोक्को" असे ओरडत फिरणाऱ्या माणसाकडून दोन युरोंना नारळाची एक फोड घेतली, एकशे ऐंशी रुपये होतात असे मला ऐकवले आणि ती चवीने खाल्ली.

हे सांगितले की विचारणारे म्हणतात, "मग झालं तर, खूश होते ना नाना?" होते. पण त्या दिवसाचे जे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ते पाण्यातले नाही. सकाळी आम्ही चिवितावेक्कियाला जी गाडी धरली ती रोमचीच होती. पाटीवर तसे लिहिलेले होते आणि नानांनी ते वाचले होते. दहा मिनिटांनी आम्ही उतरलो, दारे लागली आणि गाडी पुढे निघून गेली. मुलगा आणि यजमान छत्रीच्या चौकशीला पुढे गेले होते. नाना फलाटावर वही छातीशी धरून शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत उभे होते. वही समुद्रावर कशाला आणली, हे मी विचारले नाही. गावात शिरताना लागलेला रस्ता व्हिया औरेलिया आहे, रोमनांच्या वेळचा, हे पाटीवरून त्यांनीच मला दाखवले, आता कोणी "रोम पाहिलंत का?" म्हणून विचारले की मी तोंड उघडण्याआधी ते म्हणतात, "रोमच्या रस्त्यावर उभा राहून आलो."

दोन तासांच्या विमानाने आम्ही अजून गेलेलो नाही. आधी मुलाच्या परीक्षा होत्या, मग नानांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग काहीच नव्हते आणि तरी गेलो नाही. वहीतली सहा पाने तशीच आहेत; मी गुहागरला गेले असताना पाहिली. गेल्या महिन्यात फोनवर इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर नानांनी सहज विचारावे तसे विचारले, "बायो, माझ्या पासपोर्टची मुदत कधीपर्यंत आहे गं?" पाहून सांगते म्हटले आहे. अजून सांगितलेले नाही.