आमची वाटचाल : फाउंड्रीच्या पॅटर्नपासून मुलांच्या खुर्चीपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे पॅटर्न शॉप आहे. आसपासच्या फाउंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, लागणारे लाकडी पॅटर्न (ज्यांच्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने) घडवणे हा वडिलांच्या काळापासूनचा आमचा व्यवसाय असून घरखर्च आजही त्यावरच चालतो. घास चावण्यास व गिळण्यास त्रास होणाऱ्या मुलांसाठी खुर्च्या बनवण्याचे काम त्याच छपराखाली पुढे सुरू झाले. म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत शिकून आलेल्या, शहरात काम करणाऱ्या एक स्पीच थेरपिस्ट (बोलण्याच्या व गिळण्याच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या) बाई परदेशी खुर्चीचे चित्र घेऊन आल्या आणि लाकडात असे काही जमेल का, असे त्यांनी विचारले. जमण्यासारखे होते, परंतु चित्रातील खुर्ची आमच्याकडच्या घरांसाठी नव्हतीच.

ती खुर्ची उंच होती, टेबलाशी लावण्याची होती. खानापूर, चंदगड किंवा निपाणीकडच्या बहुतेक घरांत जेवण जमिनीवर बसून होते. उंच खुर्चीतले मूल पंगतीपासून वेगळे पडते. शिवाय भरवणारी आई उभी राहिली की तिच्याकडे पाहण्यासाठी मूल मान वर करते. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांमध्ये, म्हणजे सेरेब्रल पाल्सीमध्ये, नेमके हेच टाळायचे असते. मान मागे गेली की घास किंवा पाणी मुलाच्या तयारीआधीच घशात उतरते आणि ते श्वासनलिकेत जाण्याची शक्यता वाढते. मुलाला मांडीवर आडवे घेऊन बोंडल्याने पेज ओतण्याची आपली जुनी पद्धत या मुलांसाठी त्याच कारणाने धोक्याची ठरते. काही मुलांना अशा वेळी ठसकासुद्धा लागत नाही. जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येणे, छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणे आणि वजन न वाढणे एवढ्याच खुणा दिसतात आणि घरचे त्याला सर्दी समजतात.

म्हणून आम्ही खुर्ची बुटकी केली. बैठकीची उंची मुलाच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या मापाएवढी, जेणेकरून पावले पूर्ण टेकतील. बैठकीची खोली अशी की गुडघ्यामागे दोन बोटे मोकळी राहतील. कंबर, गुडघे आणि घोटे शक्यतो काटकोनात, आणि कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या मुळाशी. कंबर स्थिर झाली की धड सावरते, धड सावरले की मान, आणि मान सावरल्यावरच जबडा व जीभ यांना आपले काम करता येते. हनुवटी किंचित खाली राहील इतपत डोक्याला आधार द्यावा लागतो, मात्र तो डोके पुढे ढकलणारा नको. समोर आई मांडी घालून बसली की तिचे आणि मुलाचे डोळे साधारण एका पातळीवर येतात. ओतीव लोखंड थंड होताना आकसते म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवावा लागतो. खुर्चीत तशीच सूट आम्ही मुलाच्या वाढीसाठी ठेवतो, आणि पायांची फळी व पाठ सरकवण्यासाठी भोके आधीच पाडून देतो.

या मुलांसाठी आम्ही पिण्याचे कपही तयार करतो. कपाचे काम त्या मानाने सोपे. साध्या कपातले शेवटचे दोन घोट पिताना मान मागे न्यावीच लागते. नाकाच्या बाजूची कड अर्धवर्तुळाकार कापली की कप तिरपा करता येतो आणि मान जागेवर राहते. अर्धपारदर्शक, खाद्यपदार्थांसाठीचे प्लॅस्टिकचे कप आणून आम्ही ते कापतो व कड बफवर गुळगुळीत करतो. चमचे आम्ही बनवत नाही. चमचा दातांत घट्ट धरणाऱ्या मुलासाठी धातूचा चमचा योग्य नाही. उथळ, मऊ सिलिकॉनचा चमचा बाहेरून घ्यावा, असे स्पष्ट सांगतो.

खुर्चीसोबत मराठी व कन्नड भाषेत एक पत्रक देतो, कारण माप लिहिणारा आमचा कारागीर गोकाकचा, कन्नड बोलणारा, आणि पालक बहुधा मराठी. त्यात पेज किंवा पेय किती दाट आहे ते तपासण्याची पद्धत आहे: १० मिलीची सिरिंज दट्ट्या काढून, खालून बोट लावून भरावी, १० सेकंद बोट काढावे आणि उरलेले मोजावे. १ ते ४ मिली उरले तर किंचित दाट, ४ ते ८ उरले तर सौम्य दाट, ८ पेक्षा अधिक उरले तर मध्यम दाट. कोणता दाटपणा हवा, हे थेरपिस्टच ठरवतात. सिरिंजवरील शून्य ते १० ही पट्टी ६१.५ मिमी असावी लागते; आमच्याकडे व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) असल्याने ती मोजून देणे हा आमच्या हौसेचा भाग झाला आहे. नाचणीची पेज गरम असताना पातळ आणि निवल्यावर दाट होते, म्हणून भरवण्याच्या वेळीच तपासावी. उष्टा चमचा पुन्हा वाटीत गेला तर लाळेमुळे पेज पातळ होते. पातळ वरणात सुटी शिते हे मिश्रण या मुलांना विशेष कठीण जाते. त्यापेक्षा घोटून एकजीव केलेला गुरगुट्या भात बरा. पाहुण्यांनी कौतुकाने तोंडात घातलेला कुंदा, ही आपली बेळगावी मिठाई, मात्र रवाळही आणि चिकटही, तेव्हा तिथे नाही म्हणायला संकोच करू नये.

थेरपिस्टच्या चिठ्ठीशिवाय आम्ही खुर्ची देत नाही आणि ऑनलाइन विक्रीही करत नाही. यामुळे धंदा लहानच राहिला आहे आणि दुकानदारांनी मागितलेल्या तयार मापांना आम्हाला नकार द्यावा लागला. मूल मोठे झाले की खुर्ची परत घेऊन, पट्टे बदलून व पॉलिश करून ती दुसऱ्या घरी कमी दरात देतो. अशा खुर्च्यांची मागणी नव्यांपेक्षा जास्त आहे, आणि सध्या त्यांच्यासाठी गाळ्याच्या मागे एक वेगळी शेड घालण्याचे काम चालू आहे.