राम हरी, पण मनिलातला

ऑफिसमधल्या मैत्रिणीने मोबाईलवर एक पोस्टर दाखवलं, त्यावर "रामा, हारी" असं लिहिलेलं, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, रामकृष्ण हरी! ती बघतच राहिली. मग तिने सांगितलं की फिलिपिनोत हारी म्हणजे राजा, म्हणजे हा राजा राम. मनिलात येऊन तीन वर्षं झाली होती मला, आणि इथे 1980 पासून रामायणाचा बॅले आहे, तोही त्यांच्या भाषेत आणि पॉप गाण्यांवर, याचा पत्ताच नव्हता. तिला आम्ही सगळे आते म्हणतो, म्हणजे मोठी ताई, पण मला दर वेळी आत्याच ऐकू येतं आणि घरची आठवण येते.

तर 2023 च्या सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या आसपास, आम्ही दोघी मनिलाला लागूनच असलेल्या मकातीच्या सॅमसंग परफॉर्मिंग आर्ट्स थिएटरला गेलो.

आधी थोडं मागचं सांगते. अ‍ॅलिस रेयेस या बाईंनी 1969 मध्ये, मनिलाचं कल्चरल सेंटर उघडलं त्याच वर्षी, तिथे जी डान्स कंपनी उभी केली तीच पुढे बॅले फिलिपिन्स झाली. त्यांचे वडील लोकनृत्यातले नावाजलेले, त्या स्वतः बायानिहान या लोकनृत्याच्या ग्रुपमध्ये नाचलेल्या, पुढे अमेरिकेत मॉडर्न डान्स शिकलेल्या, त्यामुळे त्यांच्या बॅलेत नुसतं पायाच्या टोकावर गिरक्या घेणं नसतंच, तिथल्या मातीतलं काहीतरी कायम असतं. 1977 मध्ये त्यांनी देशाच्या दक्षिणेकडच्या मिंडानाओ बेटावरच्या मनुवू लोकांच्या पुराणकथांवर रॉक ऑपेरा बॅले केला, आणि तीन वर्षांनी रामा, हारी. गाणी बिएनवेनिदो लुंबेरा यांची, संगीत रायन कायाब्याब यांचं, नेपथ्य आणि कपडे साल्वादोर बेर्नाल यांचे. पुढे हे चौघंही नॅशनल आर्टिस्ट झाले, तो तिथला कलाकारांचा सर्वोच्च मान. एकाच कामात अशी चार माणसं! 2012 मध्ये बॅले फिलिपिन्सने ते पुन्हा केलं, आणि मी पाहिलं ते रेयेस यांच्या आत्ताच्या कंपनीचं.

आता खरी गोष्ट. या बॅलेत सीता दोन आहेत. एक गाते, एक नाचते, आणि दोघी सीताच. रामही दोन, रावणही दोन. आपल्या दशावतारात नट स्वतःच बोलतो, स्वतःच गातो. कथकलीत गाणारा वेगळा असतो पण तो मागे उभा, तो पात्र नसतो. इथे गाणारीही पात्र. सुरुवातीची दहा मिनिटं मला कळेचना की बघायचं कुणाकडे. मग सीता रावणाच्या कैदेत असतानाचं गाणं आलं, माग्बालिक का ना, माहाल, म्हणजे परत ये आता, प्रिया. गाणारी हललीसुद्धा नाही फारशी, आणि नाचणारी जमिनीवरून उठायची आणि पुन्हा कोसळायची, मी पुढच्या रांगांत होते त्यामुळे तिच्या पाठीवरचा घाम आणि श्वासाने वरखाली होणाऱ्या बरगड्या दिसत होत्या. जे ती बोलू शकत नाही ते दुसरी बोलतेय आणि जे दुसरी करू शकत नाही ते ही करतेय असं काहीतरी. इतकी वर्षं रामायण ऐकून सीतेचं एकटेपण मला असं अंगाला कधी लागलं नव्हतं, खरंच सांगते.

मध्यंतरात आतेने विचारलं, "तो तिला सोडवतो ना?"

मी गप्पच झाले. आपल्याकडे रामायणाला कुणी गोष्ट कळावी म्हणून जात नाही, पोरांनाही शेवट पाठ असतो. इथे आजूबाजूला बहुतेक सगळे कॅथलिक, अनेकांना पुढे काय होणार ते माहीतच नाही, आणि म्हणून हॉलमध्ये ती शांतता होती. मी म्हटलं, बघ तू, मी सांगणार नाही. हेवा वाटला मला तिचा.

पण रामायण या देशात 1980 मध्ये आलं असं मुळीच नाही हां. मिंडानाओमधल्या मारानाओ लोकांची महारादिया लावाना नावाची कथा आहे, लावाना म्हणजे आपला रावण. हुआन फ्रान्सिस्को या अभ्यासकामुळे ती 1960 च्या दशकाच्या शेवटी जगापुढे आली. त्यात राम मांगांदिरी आहे, आणि तो धनुष्य मोडत नाही, तर सिपा खेळतो, म्हणजे वेताचा चेंडू पायाने उडवून थेट राजकन्येच्या दालनात पोचवतो आणि तिला जिंकतो! सोन्याच्या हरणाऐवजी सोन्याच्या शिंगांची शेळी. आणि लक्ष्मणाचं नाव तिथे चक्क माकडाला. मला हे सगळं इतकं आवडलं की मी रात्री दीडपर्यंत वाचत बसले. आते मूळची तिकडचीच, इलिगानची, सिपा ती लहानपणी शाळेच्या अंगणात खेळायची पण ही कथा तिने ऐकली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी तिला सांगितली.

बॅले पाहून परतताना त्या रात्री टॅक्सीत मात्र ती काहीच बोलली नाही. एडसा या मोठ्या हायवेवर नेहमीसारखं ट्रॅफिक, बाहेर पाऊस, आणि ती खिडकीकडे तोंड करून तेच गाणं गुणगुणत होती. मी विचारलं, माहाल म्हणजे नक्की काय गं? तर म्हणाली, जे आपल्याला प्रिय असतं ते माहाल, आणि जे महाग असतं तेही माहालच.